‘रेस कंडिशन’ला मराठीत काय लिहावं?

मांडवीजवळची
भाचा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, त्याच्यासाठी मल्टिथ्रेडिंगवर, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक कामं (थ्रेड) एकदम चालवण्यावर, मराठीत टिपणं काढतेय. ‘रेस कंडिशन’ला ‘शर्यत-स्थिती’ लिहिलं, तर सासूबाईंनी विचारलं, “कसली शरत लावलीय?” आमच्या वडोदऱ्यात गुजराती ‘शरत’ म्हणजे अटही, पैजही आणि घोड्यांची शर्यतही.
मला अडचण वेगळीच वाटते. खात्यात ५०० रुपये. दोन थ्रेडनी एकदमच ५०० वाचले, दोघांनी शंभर-शंभर मिळवले, दोघांनी ६०० लिहिले. हवे होते ७००. यात जिंकलं कोण? मग शर्यत कसली? दुसरा शब्द सुचवा.

शब्दवेडा
सासूबाईंचं बरोबर आहे. मराठी ‘शर्यत’ अरबी ‘शर्त’वरूनच आली. आधी अट, मग अटीवर लावलेली पैज, मग पैजेची धाव. म्हणजे रेस आणि कंडिशन दोन्ही त्या एका शब्दात! नुसतं ‘शर्यत’ लिहा.

सरळमराठी
मुळीच नको. इथली ‘कंडिशन’ म्हणजे अट नव्हे, अवस्था. ‘क्रमदोष’ लिहा, चूक क्रमाचीच आहे. आपल्याच शहरात सयाजीरावांनी १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढून कारभारातल्या इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृतपासून फारसी, बंगालीपर्यंतचे प्रतिशब्द मांडले. त्या गावात बसून आपण एका शब्दाला हरायचं?

रात्रपाळी
अकरा वर्षं सर्व्हरचं काम करतोय. आम्ही ‘इथे रेस आहे’ एवढंच म्हणतो आणि सगळ्यांना कळतं. ‘क्रमदोष’ म्हटलं की क्रम कायमच चुकतो असं वाटतं. ही चूक दहा हजारांत एकदा येते, आणि शोधायला प्रोग्रॅममध्ये पडद्यावर माहिती छापणाऱ्या दोन ओळी घातल्या की वेळेचं गणित बदलून लपून बसते.
वेगही सोडून चालणार नाही. थेराक-२५ या किरणोपचाराच्या यंत्राने १९८५ ते १९८७ मध्ये सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा दिली. त्यातल्या काही वेळा कारण असं, की ऑपरेटरचा हात बसला होता आणि पडद्यावरची दुरुस्ती ती यंत्राच्या अपेक्षेपेक्षा भराभर करायची. हात सावकाश होता तोवर दोष दिसलाच नाही. याला शर्यत नाही तर काय म्हणायचं?

उत्तरायण
त्याआधी ‘थ्रेड’चं ठरवा. ‘धागा’ मला हिंदी वाटतो, घरी आम्ही दोराच म्हणतो. आणि दोन दोरे अडकले की पेच! डेडलॉकला, म्हणजे दोन थ्रेड एकमेकांची वाट बघत अडकून बसतात त्याला, ‘पेच’ द्या, इथलं शेंबडं पोरही समजेल.

शब्दवेडा
धागा हिंदी? आजी गोधडी शिवताना धागाच म्हणायची.

रात्रपाळी
काका, पेचात एक पतंग कटतो. डेडलॉकमध्ये कोणीच कटत नाही, तोच तर रोग. एका थ्रेडच्या हातात पहिलं कुलूप (लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच वापरू देणारी खूण), त्याला दुसरं हवंय. दुसऱ्याचं नेमकं उलट. दोघे जन्मभर उभे. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रांनी याला जीवघेणी मिठी म्हटलं होतं. कुलपं सगळ्यांनी एकाच ठरलेल्या क्रमाने घेतली तर हे होतच नाही.

शब्दवेडा
मग ‘मगरमिठी’ तयारच आहे की!

सरळमराठी
मगरमिठीत मगर एकच असते. ‘कोंडी’ म्हणा.

रात्रपाळी
कोंडी तासाभराने आपोआप सुटते. ही सुटत नाही. डेटाबेस तर दोघांतला एक व्यवहार मुद्दाम रद्द करतो, तेव्हा दुसरा हलतो.

प्रतापनगर
माझे वडील रेल्वेत ड्रायव्हर होते. एकेरी मार्गावर टोकनचा गोळा हातात आल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनकडे काढायची नाही, आणि एका वेळी गोळा एकच बाहेर. तुमचं ‘लॉक’ हेच ना? मग ‘कुलूप’ कशाला? कुलूप अडवतं, गोळा परवानगी देतो. ‘गोळा घेतला, गोळा परत केला.’

मांडवीजवळची
दादा, भाच्याला हे वाचून दाखवलं, त्याला लगेच समजलं. लॉकच्या पानावर ‘गोळा’च लिहिते. रेस कंडिशनचं पान मात्र अजून कोरंच आहे हो.

उत्तरायण
पेचात दरवेळी कटतंच असं नाही. एकाने ढील दिली तर दोन्ही पतंग सुटू शकतात. हातातलं कुलूप सोडून थोड्या वेळाने परत मागायचं, त्याला ‘ढील देणे’ म्हणा ना.

रात्रपाळी
काका, हा शब्द आवडला! पण दोघांनी एकदमच ढील दिली आणि एकदमच खेचलं तर? तसं होतं, त्याला लाइव्हलॉक म्हणतात. दोघेही हलतायत, पुढे कोणीच जात नाही. पतंगवाले त्याला काय म्हणतात?