लॉर्नाला क्रिस पेरीने घडवलं म्हणे!

माहीमकर:
काल एकाने लिहिलं, ‘कोंकणी गायिका लॉर्ना कॉर्देरो म्हणजे तिच्या बँडचा संगीतकार क्रिस पेरी याच्या हातातलं वाद्य. तो बाजूला झाला आणि ती संपली.’ उचलली जीभ लावली टाळ्याला! पेरीच्या बँडमध्ये येण्याआधी पोरगी मुंबईत दुसऱ्या बँडबरोबर गातच होती. तिचं ‘बेबदो’, म्हणजे दारुडा, हे गाणं ऐका. चाल पेरीची, शब्द पेरीचे, कबूल. पण तो दारुडा उभा केला तिच्या गळ्याने. आवाज मुद्दाम खरखरीत करते, शब्द लोंबकळत ठेवते आणि मग असा काही उसळी घेते की ब्रासवाल्यांना मागून यावं लागतं. हे नोटेशनमध्ये लिहून देता येतं? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गप्प झालेली बाई १९९५ साली संगीतकार रॉनी मोन्सेरातच्या साथीने गोव्यात मिरामारला परत उभी राहिली, तेव्हा शेजारी पेरी नव्हता. मग संपली कशी?

सूरवेडा:
उभी राहिली खरी, पण तिला नाव दिलं कोणी? पेरीच्याच गाण्यांनी! शब्द तो लिहिणार, चाल तो बांधणार, ट्रंपेट आणि सॅक्स तोच वाजवणार. गाणारे गळे मिळतात हो. असा माणूस मिळत नाही. ‘नाचुया कुंपासार’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो सिनेमाही त्याच्याच गाण्यांवर उभा आहे.

केव्हेलची सून:
गळे मिळतात? माझे सासरे चर्चगेटच्या ॲस्टोरिया हॉटेलातल्या ‘व्हेनिस’मध्ये वेटर होते. ते सांगायचे, लॉर्ना माइकपाशी आली की टेबलांवरून ऑर्डरी येणंच थांबायचं. ट्रे हातात धरून भिंतीला टेकून उभे राहायचे सगळे. पेरी मोठाच होता, पण चिठ्ठ्या यायच्या त्या लॉर्नाच्या नावाने. आणि ती इतकी वर्षं गप्प का होती यावर कुजबुजणाऱ्यांनी आता तरी तो विषय सोडावा. बाईच्या गाण्यावर बोला.

सासष्टीकर:
तुम्हा मुंबईकरांचं कोंकणी गाणं हॉटेलात सुरू होतं आणि हॉटेलातच संपतं. आमचा खरा मंच तियात्र, आमचं कोंकणी नाटक. पडदा पडला की गायक पुढे येतो, कथेशी संबंध नसलेलं कांतार, म्हणजे गाणं, म्हणतो, सरकारपासून पाद्रीपर्यंत कोणाला सोडत नाही. आल्फ्रेड रोझ, एम. बॉयर यांनी आयुष्य घातलं यात. पहिला तियात्र १८९२ साली तुमच्याच मुंबईत झाला, ‘शाकुंतल’नंतर अवघ्या बारा वर्षांनी. संगीत नाटकावर शेकड्याने लेख लिहिता, याच्यावर एक दाखवा.

व्हायोलिनवाल्याचा पुतण्या:
श्रेयाचंच बोलायचं तर हिंदी सिनेमाचं बोला. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, ट्रंपेटवाला चिक चॉकलेट... वाद्यमेळ बांधला गोंयकारांनी आणि नाव झालं संगीतकारांचं. माझे काका रेकॉर्डिंगला जायचे, रोख पैसे घेऊन घरी यायचे. रेडिओवर गाणं लागलं की ‘हा तुकडा माझा’ एवढंच म्हणायचे. तबकडीवर त्यांचं नाव कधी आलं नाही.

सूरवेडा:
म्हणजे आमच्या अण्णांनी, सी. रामचंद्रांनी चोरी केली म्हणायचं? ‘अलबेला’ पाहा, चिक चॉकलेट बँडसकट पडद्यावर दिसतो. लपवलाय कुठे? उगाच मराठी माणसावर घसरू नका.

व्हायोलिनवाल्याचा पुतण्या:
चोरी हा शब्द तुम्ही काढलात. पडद्यावर दिसणं वेगळं आणि कामाचं श्रेय मिळणं वेगळं. अण्णांची चाल मी नाकारलेली नाही. आणि एक सांगा, पेरीच्या वेळी बँडवाला मोठा म्हणता, मग चिक चॉकलेटची पाळी आली की संगीतकार मोठा कसा होतो?

सासष्टीकर:
याचं उत्तर द्याच आता!

सूरवेडा:
पेरीने चालही बांधली होती, हा फरक आहे. पण वादकांची नावं छापायला हवी होती, हे मान्य. तेवढंच.

माहीमकर:
तेवढंच पुरे. तियात्रावर आम्ही लिहीत नाही ही सासष्टीकरांची तक्रारही रास्त आहे, तरी इथे तिचा संबंध नाही. पण लॉर्ना हॉटेलपुरती होती हे साफ चूक. पेरीच्या तियात्रांतही ती गायली आहे, घरी कोणी जुनं माणूस असेल तर विचारा. आणि सूरवेडा, गळे मिळतात ना? मग तिच्या तोडीचं ‘बेबदो’ गाणारी एक बाई सांगा. नाव लिहा फक्त.