बिरसीच्या विमानतळावर सोलर लावलं की झालं का ग्रीन?

सोनेगावचा_शेजारी:
आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवसांपासून वाद चालू आहे म्हणून इथे टाकतो. भाचा गोंदियाचा, त्याचं म्हणणं गोंदियाजवळच्या बिरसीचं विमानतळ पुढे वाढवायचं तर सोलर लावा, एलईडी लावा, चार झाडं लावा, झालं ग्रीन एअरपोर्ट. माझं म्हणणं ते सगळ्यात शेवटचं काम आहे. सोलर कधीही लावता येतं हो, कोचीने २०१५ मध्ये १२ मेगावॅटचं लावून अख्खं विमानतळ त्यावर चालवून दाखवलं, आणि बिरसीला तेवढी वीज लागणार पण नाही. पण धावपट्टी कोणत्या बाजूला वाढवली, पाणी कुठे सोडलं, विजेची लाईन खांबावरून नेली की जमिनीखालून, हे एकदा चुकलं की पन्नास वर्षं कोणी दुरुस्त करत नाही. वीस वर्षांचा प्लॅन करायचा तर पहिल्या पानावर पाणी, ऊन आणि पक्षी पाहिजे. काचेच्या टर्मिनलचं चित्र मग छापा.

हिशोब करून पाहा. समजा धावपट्टी दोन किलोमीटर लांब, ४५ मीटर रुंद. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ९० लाख लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरवाले ९०० टँकर, आणि डांबरात थेंब मुरत नाही. हे जाणार कुठे? शेजारच्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला ती रात्र आठवते ना, माझ्या मावशीच्या किचनमध्ये फ्रिज आडवा होऊन तरंगत होता आणि ती पायऱ्यांवर बसून फक्त पाहून राहिली होती. नाले अडवून बांधताना कोणालाच वाटलं नसेल की पाणी एक दिवस घरात येईल.

हिशेबी_वर्धारोड:
भाऊ मुद्दा चांगला आहे पण घोडं कुठे आणि गाडी कुठे. आधी विमान तर टिकू द्या. गोंदियाहून २०२२ मध्ये इंदूर-हैदराबाद सुरू झालं, काही महिन्यांत बंद पडलं, मग डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा हैदराबाद-तिरुपती चालू झालं. उडान, म्हणजे छोट्या शहरांना सबसिडीवर विमान द्यायची केंद्राची योजना, तिच्यावरचा कॅगचा (सरकारी हिशोब तपासणाऱ्यांचा) २०२३ चा रिपोर्ट वाचा जरा, ७७४ रूट दिले, त्यातले ३७१ सुरू झाले, सबसिडीची तीन वर्षं पूर्ण केली ११२ नी आणि त्यानंतर टिकले फक्त ५४. ज्या विमानतळावर मोजकीच विमानं येतात तिथे तुम्ही अंडरग्राउंड केबल आणि पक्ष्यांचा सर्व्हे सांगून राहिले, पैसे कोण देणार? पॅसेंजर येऊ द्या, कमाई होऊ द्या, मग करा ना पर्यावरण. गरीब घरात आधी चूल पेटते, मोड्युलर किचन नंतर येतं.

हावडा_लाईन:
वा, कॅगचे आकडे देऊन पण निष्कर्ष उलटा! ५४ च टिकले तर विमानतळ मोठं कराच काऊन? गोंदिया हावडा मेन लाईनवर आहे, नागपूर १३० किलोमीटर, एक्सप्रेसने दोन तासांच्या आत. लाईन इलेक्ट्रिक आहे, डबल आहे, वरून समृद्धी महामार्ग पण तिकडे न्यायचं ठरलंय. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाला आपला ३२०० मीटरचा रनवे आहेच. सगळ्यात ग्रीन विमानतळ म्हणजे जे बांधलंच नाही ते. बाकी सोलर-फोलर सगळी रंगरंगोटी, धूर तर विमानातून निघतो, टर्मिनलच्या ट्यूबलाईटमधून नाही.

सोनेगावचा_शेजारी:
@हावडा_लाईन दादा, बांधलंच नाही कसं, बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात बांधलीय. पायलट ट्रेनिंगची विमानं तिथे कित्येक वर्षांपासून दिवसभर उडतात. ते आहे आणि राहणार, प्रश्न एवढाच की वाढताना कसं वाढेल. विमानाच्या धुराचं मात्र मान्य, ते विमानतळाच्या हातात नाही.

@हिशेबी_वर्धारोड काका, केबल नंतर टाकणं जास्त महाग पडतं हो. घर बांधताना भिंतीत पाईप टाकला तर हजारात काम, राहायला गेल्यावर फोडलं तर लाखात, हे तर आपल्याकडे प्रत्येकाला माहीत आहे.

धानाची_बांधी:
माहेर गोंदिया तालुका, आता नागपूरला असते, म्हणून बोलते. इथे सगळे पक्षी पक्षी म्हणून राहिले पण नाव कोणी घेत नाहीये. सारस. महाराष्ट्रात सारस म्हणजे मुख्यतः गोंदिया-भंडारा, आणि ते पण मोजून काही डझन. माणसाच्या खांद्याला लागेल एवढा पक्षी, रोवणी झाली की धानाच्या बांधीतच काड्यांचा ढीग करून घरटं घालतो. आमच्या शेतात एका वर्षी जोडी होती, बाबांनी तेवढा चारपाच हात तुकडा कापलाच नाही, पिल्लू निघून चालायला लागेपर्यंत तसाच उभा धान. शेजारचे हसायचे.

आता हे पक्षी मरतात कशाने, तर मोठं कारण विजेच्या तारा. एवढे मोठे पंख, धुक्यात तार दिसत नाही, झालं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सारसांची स्वतःहून दखल घेतली होती, तिथे पण तारांचा विषय निघालाच. म्हणून केबल जमिनीखालून हा लाड नाहीये हिशेबी काका. आणि उलटं पण पाहा, सहासात किलोचा पक्षी विमानाला धडकला तर पॅसेंजरचं काय?

रॅम्पवरचा:
मी काही वर्षं ग्राउंड हँडलिंगला होतो, विदर्भातच, कुठे ते विचारू नका. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, ऊन. मे महिन्यात दुपारी ४५ झालं की हवा विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर पण कमी होतो, मग तेवढ्याच धावपट्टीवरून तेवढंच वजन घेऊन उडता येत नाही. अशा वेळी आम्ही काय करायचो, बॅगा उतरवायचो, कधी कधी माणसं पण. एक आजी होत्या, नातवाच्या मुंजीला निघालेल्या, सीट कन्फर्म, हातात चिवड्याचा डबा, त्यांना समजावता समजावता माझी फजिती. त्या म्हणे "एवढं मोठं विमान आणि माझं वजन जड झालं का रे". पुढच्या वीस वर्षांत ऊन वाढणारच आहे, तर हे प्लॅनमध्ये पाहिजेच.

दुसरी. सोनेगाव भाऊ, तुम्ही पाणी अडवायचं म्हणाल आणि रनवेच्या बाजूला तळं खोदाल, तर अजिबात नको. साचलेलं पाणी म्हणजे बेडूक, मासे, त्यामागे बगळे, घारी. आम्ही तर गवताची उंची पण पाहायचो. विमान नियमांत दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला बंदी आहे ती याच्यासाठीच, पाळतं कोण ते सोडा.

सोनेगावचा_शेजारी:
हाव, तळ्याचं माझ्या डोक्यात होतंच, पकडलं तुम्ही 😅 मग पाणी बंद गटारातून लांब नेऊन गावच्या बोडीत (छोट्या तळ्यात) नाहीतर मामा तलावात सोडायचं. गोंदिया-भंडाऱ्यात मालगुजारांच्या काळातले तलाव आहेतच, किती गाळाने भरले आहेत. विमानतळाच्या खर्चात त्यातला एक उपसून द्या, शेतकऱ्याला पाणी आणि यांना सुटका.

धानाची_बांधी:
सोडायच्या आधी तेल वेगळं करायला लावा बरं, रॅम्पवरचं, म्हणजे विमानं उभी राहतात तिथलं, इंधन-ग्रीस धुऊन आमच्या तलावात नको. त्याच पाण्यावर शिंगाडा निघतो आणि त्याच तलावात सारस चरतो.

आणि रॅम्पवरचे दादा, तुमच्या उन्हाच्या गोष्टीचा शेवट मला माहीत आहे. हवा विरळ, म्हणून रनवे लांब करा, म्हणून अजून जमीन द्या. म्हणजे गरमी वाढवणारे वेगळे आणि बांधी आमची जाणार.

रॅम्पवरचा:
ताई तसं नाही म्हटलं. उन्हाळ्यात फ्लाईट सकाळी सातला लावली तरी बराच प्रश्न सुटतो, एक इंच जमीन लागत नाही.

हिशेबी_वर्धारोड:
आणि डिसेंबरात सकाळी सातला गोंदियात धुकं. तेव्हा काय आजीला पुन्हा चिवडा घेऊन बसवता?

रॅम्पवरचा:
उन्हाळ्याचा टाईम वेगळा, हिवाळ्याचा वेगळा. शाळेला जमतं, विमानाला का नाही जमणार.

हावडा_लाईन:
नाही जमणार, कारण ते एकच विमान दिवसभर चार गावं फिरतं. गोंदियाची वेळ हलवली की बाकीच्या तिघांची हलते. आणि तुम्ही लोक अजून पण माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, वाढवायचंच काऊन?

हिशेबी_वर्धारोड:
उत्तर मी देतो. हैदराबादला ऑपरेशनसाठी जाणारा पेशंट आणि तिकडे नोकरीला असलेली पोरं, यांना रात्रभर ट्रेनमध्ये बसवू नका म्हणून. तुमची हावडा लाईन हैदराबादला जात नाही ना बे.

बाकी केबल आणि तलावाचं मी मान्य करतो, खर्च आधीच धरा. पण पक्ष्यांच्या सर्व्हेसाठी दोन वर्षं काम थांबवायचं म्हणाल तर माझा विरोध राहील, लिहून ठेवा.

धानाची_बांधी:
थांबवा कोण म्हणतंय काका. सारसांची गणती दर उन्हाळ्यात होतेच, गावातली पोरं पहाटे तलावावर जाऊन मोजतात. तो कागद फक्त मागून घ्यायचा आहे, नकाशा काढायच्या आधी.