अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया आणि स्तनाचा कर्करोग: दोष गाठीचा की व्यवस्थेचा?

लोकारोग्य: अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना हा कर्करोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमीच होतो, पण त्याने मृत्यू होण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्के जास्त आहे. "त्यांच्यात ट्रिपल निगेटिव्ह (नेहमीच्या औषधांना दाद न देणारा, आक्रमक प्रकार) जास्त" म्हणून हात झटकले जातात, ते मला मान्य नाही. १९८०च्या आधी दोघींच्या मृत्युदरात फारसा फरक नव्हता. मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) आणि टॅमॉक्सिफेन (हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी) आल्यावर दरी पडली. दहा-वीस वर्षांत जनुकं बदलत नाहीत.

स्लाइडवाचक: याच पुराव्याचा उलटा अर्थही निघतो. टॅमॉक्सिफेन चालतं ते हार्मोन रिसेप्टर (पेशीवर हार्मोन जिथे चिकटतो ती जागा) असलेल्या, म्हणजे हार्मोन पॉझिटिव्ह गाठींवर, आणि तशा गाठींचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांत जास्त. औषधाचा फायदा त्यांना झाला, दरी पडणारच. ट्रिपल निगेटिव्हमध्ये ईआर, पीआर (दोन हार्मोन रिसेप्टर) आणि हर-टू (गाठ वाढवणारं प्रथिन) तिन्ही नाहीत, म्हणजे हार्मोनच्या गोळ्याही चालत नाहीत आणि हर-टूवरचं औषध हर्सेप्टिनही नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांत हा प्रकार साधारण दुप्पट, तोही कमी वयात. गाठ इतकी भरभर वाढते की दोन मॅमोग्राफींच्या मधेच हाताला लागते. स्तनकर्करोगाच्या शल्यचिकित्सक लिसा न्यूमन यांच्या गटाला पश्चिम आफ्रिकेतल्या घानात हे प्रमाण खूप जास्त आढळलं, पूर्वेकडच्या इथिओपियात बरंच कमी. गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्यांत पश्चिम आफ्रिकेतले लोक मोठ्या संख्येने होते, हे इथे विसरून चालणार नाही. तपासणी ४०व्या वर्षीच सुरू करा, हा अमेरिकी सरकारने नेमलेल्या तज्ज्ञगटाचा २०२४चा बदल मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. आधी सरसकट शिफारस ५०पासून होती.

लोकारोग्य: मग हार्मोन पॉझिटिव्ह गाठींत फरक उरायला नको होता. उरतो. कृष्णवर्णीय स्त्रियांतही बहुसंख्य गाठी याच प्रकारच्या, आणि तिथेही मृत्यू जास्त. या गाठींसाठीची गोळी ५ ते १० वर्षं रोज घ्यायची असते. सांधे धरतात, अंगातून वाफा येतात, दर महिन्याला पैसे भरावे लागतात. हे त्रास कोणी विचारलेच नाहीत, तर गोळी मधेच सुटते.

फिल्मरीडर: ४० की ५० यावर सगळा जोर लावू नका. माशी शिंकते ती पुढच्या पायरीवर. विमा असेल तर पहिली मॅमोग्राफी फुकट. अहवालात बायरॅड्स (मॅमोग्राफीच्या निष्कर्षाची श्रेणी) ० आलं, म्हणजे चित्र अपुरं, परत या. ही दुसरी मॅमोग्राफी, सोनोग्राफी, जाड सुईची बायॉप्सी, यांचं बिल मात्र वर्षानुवर्षं कित्येक पॉलिसींत बाईच्याच खिशातून गेलं. वय खाली आणलं की परत बोलावल्या जाणाऱ्याही वाढतात. त्यांचा पाठपुरावा कोण करणार, हे आधी ठरायला हवं.

उपचारसमन्वय: उत्तर आहे, आणि ते करून पाहिलेलं आहे. ग्रीन्सबरो आणि पिट्सबर्गच्या 'अक्युअर' प्रयोगात रुग्णाची भेट चुकली किंवा उपचाराचा टप्पा राहिला की संगणक सूचना द्यायचा, आणि खास नेमलेली नर्स फोन करायची. डॉक्टरांना आपल्याच रुग्णांचे आकडे वंशानुसार दाखवले जायचे. सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तन आणि फुप्फुसाच्या कर्करोगात उपचार पूर्ण होण्याचं प्रमाण आधी कृष्णवर्णीयांत सुमारे ८० टक्के, गोऱ्यांत ८७ होतं. नंतर ८८.४ आणि ८९.५ झालं. गाठी त्याच होत्या.

स्लाइडवाचक: उपचार पूर्ण होणं पटलं. पण नर्सच्या फोनने ट्रिपल निगेटिव्ह सौम्य होत नाही. त्यावरची इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारा उपचार) शस्त्रक्रियेआधीच सुरू करावी लागते, त्यामुळे बायॉप्सीनंतर रिसेप्टरचा अहवाल लवकर हाती हवा. आधी गाठ काढून टाकली तर ती संधी गेली.

केमोकक्ष: सगळ्यांनीच एक गोष्ट सोडली. सुमारे दोन तृतीयांश आफ्रिकी-अमेरिकी लोकांत डफी-नल रक्तगट असतो. त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मुळातच कमी मोजल्या जातात, पण जंतुसंसर्गाचा धोका त्याने वाढत नाही. केमो द्यायला किमान मर्यादा बहुधा रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये १५०० न्यूट्रोफिल धरतात. अशा बाईचा नेहमीचाच आकडा १३०० आला की केमो पुढे ढकलतात किंवा डोस उतरवतात, आणि तोच प्रकार दर फेरीला. वंशाच्या रकान्यावरून मर्यादा बदलायलाही माझा विरोध आहे. पहिल्या केमोआधी डफीची चाचणी एकदा करा, फाइलच्या पहिल्या पानावर नोंदवा, आणि मर्यादा त्या बाईच्या नेहमीच्या आकड्यावरून ठरवा.