ग्रीक तटबंदी घरी कशी बांधावी? (२८ मिमी, पेलोपोनेशियन युद्ध) सल्ला हवा

फासेबहाद्दर:
मंडळी, अथेन्स-स्पार्टा युद्धाच्या टेबलावरच्या खेळासाठी हॉप्लाइट (ढाल-भालेवाले ग्रीक पायदळ) रंगवून झाले, आता त्यांना चढायला भिंत हवी. सैनिक २८ मिमी उंचीचे, टेबल सहा बाय चार फूट. तयार मिळणारे किल्ले पाहिले, बहुतेक मध्ययुगीन युरोपातले वाटतात. म्हणून घरीच करायचंय. थर्माकोल घ्यावं की एक्सपीएस (घट्ट, बिनदाण्याचा फोम)? दगड कसे कोरायचे? नमुना म्हणून मायसीनीचं सिंहद्वार डोक्यात आहे.

दगडफोड्या:
सिंहद्वार सोडा. ते इ.स.पू. १२५० च्या आसपासचं, तुमचं युद्ध त्यानंतर आठशे वर्षांनी.

एलेउथेराईचे फोटो शोधा. अ‍ॅटिका आणि बिओशियामधल्या खिंडीवरचा किल्ला, चौकोनी दुमजली बुरूज, उत्तरेचा तट अजून उभा. बांधकाम इ.स.पू. चौथ्या शतकातलं, तुमच्या युद्धानंतरचं, पण दगडी काम शिकायला याहून चांगला नमुना नाही. एगोस्थेना किल्ल्याचा कोपऱ्यातला मोठा बुरूजही पाहा. १९८१ च्या भूकंपात तो ढासळला, नंतर पुन्हा उभारला. उंची साधारण १८ मीटर, म्हणजे तुमच्या सैनिकांच्या प्रमाणात, १:५६ ला, ३२ सेंटीमीटर! टेबलावर दुसरं काही दिसणारच नाही, निम्मा करा.

दिवाळीच्या किल्ल्यांमुळे आपला हात आपोआप गोल बुरुजाकडे वळतो. इथे मुद्दाम चौकोनी करा. गोल बुरूज ग्रीसमध्ये आहेत, पण कमी.

सामान: एक्सपीएसच. थर्माकोलचे दाणे सुटतात, रेघ स्वच्छ येत नाही. गच्चीच्या इन्सुलेशनसाठी वापरतात ती शीट मागा, २५ मिमी. रिकाम्या बॉलपेनने सांधे ओढा आणि चुरगळलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा गोळा वरून दाबत फिरवा, दगडाचा खडबडीतपणा आपोआप येतो.

निशाचर:
दगडफोड्यांच्या नावातच दगड आहे, म्हणून समजून घेतो. पण त्या काळच्या कितीतरी तटांत दगड फक्त पायाला, वर सगळ्या कच्च्या विटा. इ.स.पू. ३८५ मध्ये स्पार्टाचा राजा आगेसिपोलिस याने मँटिनिया शहराची नदी अडवली, पाणी तटाला लागलं आणि विटा विरघळून भिंत खचली. पुढे गावकऱ्यांनी तट पुन्हा बांधला तो दगडी पायावर, वर मात्र परत विटाच!

माझं मत विचाराल तर शहराचा तट करूच नका. प्लाटियाचा वेढा करा, म्हणजे तुमच्याच युद्धात अथेन्सच्या या मित्रशहराला स्पार्टाने घातलेला. स्पार्टाच्या बाजूने शहराभोवती घातलेली भिंत त्या युद्धाचा इतिहासकार थ्युसिडिडीसने इतकी तपशिलात सांगितली आहे की तो जवळजवळ नकाशाच आहे. दोन भिंती, मध्ये १६ फूट, त्यात पहारेकऱ्यांच्या खोल्या आणि वर सलग फांजी (तटावरची चालायची वाट), त्यामुळे लांबून एकच जाड तट दिसायचा. दोन्ही अंगांना चर्या (तटाच्या काठावरचे दाते), दर दहा चर्यांमागे एक बुरूज. बुरूज अख्ख्या रुंदीचा, त्याच्या आतूनच पलीकडे जायची वाट. पावसाळी रात्री पहारेकरी चर्या सोडून बुरुजांत आसरा घ्यायचे.

इ.स.पू. ४२८-४२७ च्या हिवाळ्यात अशाच एका रात्री वेढ्यातले लोक दोन बुरुजांच्या मधून शिड्या लावून निसटले. २१२ जण सुटले. शिडीची उंची कशी काढली? जिथे गिलावा नव्हता तिथले विटांचे थर अनेकांनी पुन्हा पुन्हा मोजून. म्हणून सगळ्या भिंतीवर विटा कोरत बसू नका. गिलावा द्या आणि एकच पट्टा उघडा ठेवा.

फासेबहाद्दर:
हे भारी आहे! पण फांजीवर सैनिक मावतील का? माझे बेस (सैनिकांखालच्या चकत्या) २५ मिमी.

निशाचर:
मावतील. १६ फूट म्हणजे १:५६ ला सुमारे नऊ सेंटीमीटर. चर्या काठाच्या भिंतींवर बसवा, मग तीन बेस शेजारीशेजारी उभे राहतात. चर्या आणि फट मिळून चार सेंटीमीटर धरा, दहांचे चाळीस. दोन बुरूज आणि मधला तट एवढं साधारण ६० सेंटीमीटरमध्ये बसतं. प्रसंगाला तेवढंच पुरे. उंची मात्र हिशेबाने नको, दहा सेंटीमीटर ठेवा. त्याहून उंच झालं की पलीकडच्या खेळाडूचा हात पोचत नाही आणि कोपराने भाले मोडतात.

शेवाळे_रंग:
रंगाचं मी सांगते. साधा स्प्रे थेट मारू नका, एक्सपीएस वितळतं. आधी काळा अ‍ॅक्रिलिक आणि फेविकॉल एकत्र करून दोन हात द्या. गिलाव्याला वॉल पुट्टीत चाळलेली माती मिसळा. वर पिवळसर मातकट, मग फिकट ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवणं). पांढराशुभ्र संगमरवर चुकूनही नको.

फासेबहाद्दर:
ठरलं, प्लाटिया. खंदक कसा दाखवू? टेबल खणता येत नाही.

निशाचर:
टेबल उचला! म्हणजे सगळ्याखाली २५ मिमीची शीट अंथरा आणि त्यातच चर कापा. दोन्ही बाजूंना खंदक हवेत, विटांची माती तिथूनच काढली होती. पलायनाच्या रात्री बाहेरच्या खंदकात जेमतेम डोकं वर राहील एवढं पाणी होतं आणि वर बर्फ, पण पाय ठेवण्याइतका घट्ट नव्हता. तिथे हालचाल निम्मी करा. आणि तट चढताना दर खेळीला एक फासा टाका, १ आला की बोभाटा. खरोखरच एकाच्या हाताने चर्येवरचं कौल पडलं आणि पहारा जागा झाला होता.

शेवाळे_रंग:
बर्फाला ग्लॉस वार्निशचे पातळ हात, सुकल्यावर कडेने पांढरा ड्रायब्रश. रेझिन जाड ओतू नका, घट्ट होताना तापतं आणि खालचा फोम बसतो.