मृगाच्या आधीची चूल: बागेतली शेवटची तोडणी उघड्यावर कशी रांधता?

पाचपाखाडी, ठाणे

रोहिणी लागून आठवडा झाला. मृग सात-आठ जूनला. भेंडी जून व्हायला आणि जून लागायला आमच्या गच्चीत दरवर्षी एकच गाठ पडते. कुंड्यांत आता शेवटची पाच-सहा वांगी, लवंगी मिरच्या आणि आडवीतिडवी वाढलेली चवळी आहे. पाऊस आला की शेगडी गुंडाळून माळ्यावर जाते, म्हणून हे पंधरा दिवस आम्ही हावरटासारखे गच्चीत रांधतो.

तुमच्याकडे या दिवसांत काय उरतं आणि ते उघड्यावर कसं शिजवता, लिहा. अट एकच, शाकाहारी. निखाऱ्यावरच्या सुक्या बोंबलाची महती मलाही ठाऊक आहे, त्याचा धागा वेगळा काढू.

माझं सांगते. भरताचं वांगं देठासकट भाजायचं, फिरवायला मूठ मिळते. तेलाचा हात, सुरीचे दोन-तीन टोचे. टोचे विसरलात तर वांगं फुटून गर निखाऱ्यात जातो. कोळशाखाली नारळाच्या करवंट्या घातल्या की धग चांगली धरते. साल करपून देठाशी पाणी सुटलं की झालं. मग ते झाकून ठेवायचं आणि साल हातानेच काढायची. नळाखाली धरून सोलणाऱ्यांनी सरळ गॅसवर भाजावं, धुराची चव मोरीतच जाते. मिरच्या त्याच निखाऱ्यावर, कांदा कच्चा, वरून कच्चं तेल. बस.

नेरूळ

आमच्या तळमजल्याच्या वाफ्यात दुधी. दोन वर्षं नुसती फुलं, फळ नाही. मग शेजारच्या काकांनी सांगितलं, अहो, दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, सकाळी काय शोधताय? मादी फुलाच्या मागे अंगठ्याएवढा लवदार दुधी असतो, नराला नुसता लांब देठ. सातच्या सुमारास नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे करायच्या आणि मादीच्या मध्यावर हलकेच फिरवायचं. नवरा टॉर्च धरून उभा! यंदा चार दुधी धरले.

त्यातला एक कडू निघाला. मी चिरल्यावर कच्ची फोड जिभेला लावून बघतेच, तुम्हीही बघा. उन्हात पाण्याची ओढ बसली तर असं होऊ शकतं. कडू दुधी शिजवला तरी विषारीच राहतो. गूळ-चिंच घालून 'चालवून' घेऊ नका, सरळ टाकून द्या. बाकीच्या तिघांची थालीपिठं अंगणातल्या शेगडीवर, लोखंडी तव्यात. मंद निखाऱ्यावर भोकांतून तेल सोडत बसलं की अर्धा तास कसा जातो कळत नाही.

घणसोली गाव

आमच्या परड्यात फणस. गरे संपले की आठळ्या धुऊन सुकवायच्या आणि संध्याकाळी चूल विझत आली की गरम राखेत पुरायच्या. प्रत्येकीला सुरीने चीर द्यायची, हे मला बाराव्या वर्षी कोणी सांगितलं नव्हतं. पहिली आठळी सुटली ती थेट मावशीच्या पदराला भोक पाडून गेली. तिने ते लुगडं पुढची दोन वर्षं मुद्दाम माझ्यासमोर नेसलं.

त्याच राखेत कैऱ्या. साल काळी पडून आतला गर लिबलिबीत झाला की पन्ह्याला. उकडलेल्या कैरीचं पन्हं आमच्या घरी कोणी पीत नाही.

कोलशेत रोड

आम्ही मित्र एकदा उत्साहात येऊरला वांगी-बटाटे घेऊन गेलो होतो. वनरक्षकाने परत पाठवलं, आणि बरोबरच केलं. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे आणि मे महिन्यातला पाचोळा एका ठिणगीवर पेटतो. आता मुरबाडला मामांच्या शेतावर जातो. परतताना जांभळी नाक्यावर करवंदं.

एक विचारायचं होतं: तिथे पोपटी लावली तर?

घणसोली गाव

दादा, मे महिन्यात पोपटी? वालाच्या शेंगा थंडीतल्या आणि मडक्यात घालायची भांबुर्डीही थंडीतलीच. पाला नसेल तर ती पोपटी नाही, उकडलेल्या शेंगा. त्यापेक्षा मामींना पानगी करायला सांगा. तांदळाचं पीठ, आमरस, गूळ, चिमूट मीठ. केळीच्या पानावर पातळ थापून वर दुसरं पान, आणि चुलीवरच्या तव्यात दोन्ही बाजूंनी. पान तपकिरी होऊन सुटायला लागलं की तयार.

खारघर

बाल्कनीत तीन पिशव्या. टोमॅटोने या उकाड्यात सगळी फुलं गाळली, मिरची आणि गवती चहा तेवढा तगला. सोसायटीत कोळसा पेटवायची सोय नाही (एकदा पेटवला, पाचव्या मिनिटाला खालून फोन). म्हणून भरताच्या पातेल्यात वाटी ठेवून तिच्यात लाल निखारा, त्यावर तुपाचे चार थेंब आणि वर घट्ट झाकण. पाचच मिनिटं. धुंगार जास्त झाला तर भरीत कडवट लागतं.

पाचपाखाडी, ठाणे

धागा काढला आणि काल संध्याकाळीच वळवाची सर आली. तीन वांगी भाजून झाली होती, तीन शेगडीवर होती. छत्री मुलाच्या हातात, चिमटा माझ्या. शेवटी निखारे भिजलेच आणि उरलेली तीन घरात गॅसवर गेली. दोन्ही भरतं मुद्दाम वेगवेगळ्या वाडग्यांत ठेवली. सासूबाईंनी न सांगता पहिलं उचललं, दुसऱ्यात बोट बुडवलं आणि म्हणाल्या, "यात दही घाल, खपेल."