१९ वर्षांच्या रुकीला किती वेळ द्यायचा?

टिळकवाडीकर:
अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉल लीगचे सामने आपल्याकडं पहाटे सुरू होतात आणि ऑफिसला निघायच्या आत आमच्या ग्रुपवर एखाद्या रुकीचा, म्हणजे पहिल्याच हंगामातल्या पोराचा, निकाल लागलेला असतो: 'पिक वाया गेला' (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, टीमची पाळी फुकट गेली). मला हे पटत नाही, पण उत्तर देताना नुसतं 'थांबा' एवढंच सुचतं. पहिल्या हंगामात शूटिंग ३५-३६ टक्के, सामन्याला तीन टर्नओव्हर (बॉल समोरच्या टीमला देऊन बसणं), असा पोरगा असेल तर नेमकं काय बघायचं? आणि किती वर्षं? जाणकारांनी सांगा की.

निपाणीचा_गार्ड:
आधी त्याच्यावर काय पडतंय ते बघा. अमेरिकेतल्या कॉलेजात ४० मिनिटांचा सामना आणि हंगामात तीस-पस्तीस सामने. इथं ४८ मिनिटं, ८२ सामने, सगळं सहा महिन्यांत. थ्रीची (तीन गुणांच्या शॉटची) रेघ कॉलेजात ६.७५ मीटरवर, एनबीएत समोरून ७.२४ वर. या जादा अर्ध्या मीटरचा जोर पायातून येतो आणि जानेवारीपर्यंत पाय थकलेले असतात. म्हणून शॉट कुठं चुकतोय ते बघा. रिंगच्या पुढच्या कडेला लागत असेल तर बहुतेक दमणूक आहे. डावी-उजवीकडं जात असेल तर हाताची ठेवण बघावी लागते, आणि ती हंगाम चालू असताना बदलायला जाऊ नये. रोज सामना असताना नवी सवय बसत नाही, जुनीही मोडते.

टक्केवारीला लगेच भुलू नका. २०० थ्रीपैकी ६६ पडले तर ३३ टक्के, ७२ पडले तर ३६. सहा बॉलांवर कुणाला शूटर ठरवायचं? त्यापेक्षा फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) बघा. अंतर ठरलेलं, समोर कोणी नाही. ८० टक्क्यांच्या आसपास असेल तर हात चांगला आहे, थ्री मागून येतात. ६० असेल तर काळजी रास्त आहे.

टर्नओव्हर मोजू नका, वाचा. मोकळा माणूस दिसला पण पास अर्धा सेकंद उशिरा गेला, ही चूक वेगाची सवय झाली की कमी होते. माणूस दिसतच नाही आणि तो मान खाली घालून तिघांत घुसतो, हे मात्र सहज सुटत नाही.

खानापूर_कोर्ट:
वरच्या मुद्द्यात भर. नुसती वाट बघून पोरगा घडत नाही, त्याला मिनिटं आणि ठरलेलं काम लागतं. यानिस अँटेटोकूंपो २०१३ ला १५ वा निवडला गेला, पहिल्या हंगामात सरासरी ६.८ गुण. पण मिलवॉकीनं त्याला सामन्याला २४ च्या वर मिनिटं दिली, पुढं एवढ्या उंच पोराच्या हातात बॉल देऊन पॉइंट गार्डचं, म्हणजे खेळ रचणाऱ्याचं, काम करून घेतलं. एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) २०१९ ला, विजेतेपद २०२१ ला.

उलट बाजू आपल्या सतनाम सिंगची. २०१५ ला डॅलसनं ५२ वा निवडला, पण टेक्सासच्या डी-लीग (एनबीएची दुय्यम लीग, आताची जी-लीग) टीममध्येही मिनिटं फार मिळाली नाहीत आणि एनबीएचा एकही सामना झाला नाही. अशा वाट बघण्याला मी धीर म्हणत नाही.

दुसरी चूक कोचची. प्रत्येक टर्नओव्हरला बाहेर काढलं की पोरगा अवघड पास टाकणंच सोडतो. आकडे सुधारतात, खेळाडू मात्र खुंटतो.

वडगाव_बेंच:
किती वर्षं, ते करारावरून समजतं. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या खेळाडूची दोन वर्षं पक्की, तिसरं आणि चौथं टीमच्या हातात. तिसऱ्याचा निर्णय दुसरा हंगाम सुरू होतानाच, ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यावा लागतो. म्हणजे हातात एकाच हंगामाचा खेळ! तिसरा हंगाम संपला की वाढीव कराराची बोलणी. माझ्या मते तीन हंगाम खरी मुदत.

निपाणीचा_गार्ड:
अण्णा, तीन ही टीमची मुदत झाली, खेळाडूची नव्हे. लाउरी मार्कानेन शिकागोत चार हंगाम, क्लीव्हलंडला एक, आणि सहाव्या हंगामात, २०२२-२३ ला, युटात ऑल-स्टार (लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात निवड). जागा बदलली, काम बदललं.

ओक्लाहोमा टीमचंही बघा: २०२०-२१ ला ७२ पैकी २२ विजय, मग ८२ पैकी २४, ४०, ५७, ६८ आणि २०२५ चं विजेतेपद. मार्क डेगनॉल्ट पहिल्या वर्षापासून कोच, तो आधी त्यांच्याच जी-लीग टीमचा. मधे त्यांच्या होल्मग्रेन या रुकीचा पहिला आख्खा हंगाम पायाच्या दुखापतीत गेला, तरी त्याला घाईनं उतरवलं नाही.

टिळकवाडीकर:
आणि सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच गडी) असेल तर? आमचा वाद मुळात सात फुटी पोरावरून आहे वो.

खानापूर_कोर्ट:
मग आणखी एक वर्ष धरा. त्याला समोरच्यांच्या पिक-अँड-रोलमध्ये (एकानं बचाव करणाऱ्याला अडवायचं, मग दोघांनी रिंगकडं जायचं, हा डाव) कधी पुढं यायचं, कधी मागं सरायचं हे शिकायचं असतं, शिवाय तीस वर्षांच्या माणसांचा धक्का सोसायचा असतो. त्याचे गुण सोडा, ३६ मिनिटांमागं फाउल किती ते लिहून ठेवा. नोव्हेंबरात सहा आणि मार्चमध्ये चार झाले असतील तर तो शिकतोय. फक्त त्याची मिनिटं तेवढीच आहेत ना, ते तपासा.