अनुभव धागा: छोटं गाव, एक खून आणि चिमूटभर जादू

गेल्या जुलैत रुळांवर पाणी आलं आणि दोन दिवस घरातच अडकले, तेव्हा एक कादंबरी वाचली. समुद्राकाठचं चिमुकलं गाव, तिथली एक शिंपीण. समोरचा माणूस खोटं बोलला की तिच्या हातातली सुई गंजते. गावात खून होतो. ही मापं घ्यायच्या निमित्ताने एकेकाला बोलतं करते, तर सुई प्रत्येकाच्याच वेळी गंजते, कारण गावात जो तो काहीतरी लपवतोय! तिथून पुढे तिला स्वतःची अक्कलच चालवावी लागते. रक्ताचा सडा नाही, मारझोड नाही, तरी पुस्तक खाली ठेववेना. तुम्ही या प्रकारचं काय वाचलंत, वाचताना काय आठवलं? सविस्तर लिहा.

गिरगावातून

अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांमधल्या मिस मार्पलकडे, म्हणजे खून उलगडणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाईंकडे, मी निवृत्तीनंतर वळले. तिची पहिली कादंबरी १९३०ची, पण तिचं सेंट मेरी मीड हे खेडं मला लगेच ओळखीचं वाटलं. मी चाळीत वाढले ना! कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं दूध आज जास्त आलं, हे गॅलरीत उभं राहिलं की कळायचं.

एका वर्षी गौरी गेल्यानंतर शेजारच्या वहिनींची मोत्यांची नथ दिसेना. संशय धुण्याभांड्याच्या बाईंवर. चार दिवस त्या बिचाऱ्या खाली मान घालून काम करत होत्या. आईने पाचव्या दिवशी वहिनींना एवढंच विचारलं, "विसर्जनाच्या सकाळी तुझं नाक मोकळं होतं. गौरीचं होतं का गं?" माळ्यावरचा डबा उतरवला, मुखवट्याचं मलमल सोडलं. नथ गौरीच्याच नाकात होती. बाईंची माफी मात्र आईने मागितली, वहिनींनी नाही. मार्पलबाई विणकाम करत ऐकत बसतात तेव्हा मला दर वेळी आई दिसते, मांडीवर तांदळाचं सूप घेतलेली.

परळहून

मी रुग्णालयात औषधं द्यायचो, त्यामुळे माझं लक्ष विषाकडे. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषध विभागात काम करत होत्या, ते त्यांच्या लिखाणात जाणवतं. अशा कथांमधल्या बागांत फॉक्सग्लव्ह बरेचदा भेटतं, जांभळ्या घंटांसारखी फुलं येणारं झाड. विल्यम विदरिंग या डॉक्टरने १७८५ मध्ये त्याच्या औषधी उपयोगावर पुस्तक लिहिलं. त्याच कुळातल्या झाडापासून डिगॉक्सिन मिळतं, हृदयाचं औषध. पाव मिलिग्रॅमची ती इवलीशी गोळी मी हजारो वेळा मोजून दिलीय, आणि दर वेळी चिठ्ठी दोनदा वाचलीय, कारण त्यात गुण येणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा फार जवळजवळ असतात. आपल्या हायवेच्या दुभाजकावर फुललेली कण्हेरही हृदयावर तशाच प्रकारे परिणाम करते. कथेत कुणी बागेतून फुलं खुडून आणली की मी ते पान पुन्हा वाचतो.

ठाण्याहून

सकाळच्या गाडीत, लेडीज डब्यात, उभ्याने. विक्रोळी ते दादर एक प्रकरण होतं. ऑफिसात शिरताना डोकं शांत असतं, एवढं पुरे आहे मला.

मुलुंडहून

माझं मत वेगळं आहे. रोनाल्ड नॉक्स या पाद्र्याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यात दुसराच नियम असा की अलौकिक शक्तींना कथेत थारा नाही. मला तो मनापासून पटतो. मागे एक पुस्तक वाचलं, त्यात शेवटच्या प्रकरणात मांजर बोलायला लागतं आणि थेट खुन्याचं नाव सांगतं. तीनशे पानं मी वेळा जुळवत होतो, कोण कुठल्या दाराने आलं ते वहीत लिहीत होतो. फार वाईट वाटलं. लेखकाने वाचकाशी असं वागू नये.

(मुलुंडकर, अगदी मान्य. म्हणूनच मला ती गंजणारी सुई आवडली. ती खोटं दाखवते, खुनी दाखवत नाही. — धागाकर्ती)

लालबागहून

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. आमचं गाव मालवणकडे. तिथे राखणदार आहे, म्हणजे गावाची राखण करणारा देव, ही आम्हाला कधी गोष्ट वाटलीच नाही, तो होताच. मी नऊ वर्षांचा असताना मे महिन्यात काकांची पाडी नाहीशी झाली. रात्री वळवाचा पाऊस पडून गेला होता. काकांनी पहाटे वेशीवर राखणदाराला नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं आणि लगेच चिखलात वाकून खुरांचे ठसे बघत निघाले. मी मागे. पाडीच्या मागच्या उजव्या खुराचा कोपरा तुटलेला होता, तो ठसा त्यांनी मला बोटाने दाखवला. दुपारी ती पलीकडच्या वाडीत एका गोठ्यात बांधलेली सापडली.

कुणी बांधली ते काकांना तिथेच कळलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिलं. त्यांनी दावं सोडलं, कुणाला हाक मारली नाही. येताना वेशीवर थांबून हात जोडले. काकीने रात्री किती खोदून विचारलं, पण ते नाव त्यांनी घरात कधीच घेतलं नाही.